स्टिफनेस: लवचिकता, काठिण्य की ताठरता?

प्रश्न: यकृताच्या इलास्टोग्राफीचा (ऊतक किती ताठर आहे ते मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल मराठीत आणताना ‘इलॅस्टिसिटी’ या रकान्याला मी ‘लवचिकता’ असे नाव दिले आणि पुढे १२ किलोपास्कल हा आकडा तसाच ठेवला. वाचणाऱ्याने विचारले, ‘लवचिकता वाढली, म्हणजे यकृत सुधारले ना?’ वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. येथे कोणता शब्द योजावा?

उत्तर: घोळाचे मूळ शास्त्राच्या परिभाषेत आहे. एखादी वस्तू ठरावीक प्रमाणात दाबण्यासाठी वा ताणण्यासाठी किती जोर लागतो, हे स्थितिस्थापकता गुणांक सांगतो; अहवालातल्या ‘इलॅस्टिसिटी’ या रकान्यात तोच आकडा असतो. म्हणून पोलादाचा गुणांक रबरापेक्षा कितीतरी मोठा असतो. बोलीत मात्र लवचिक म्हणजे सहज वाकणारे. आकडा गुणांकाचा आणि नाव बोलीतले अशी जोडी जमवली की अर्थ उलटा होतो. या रकान्यात मी ‘ताठरता’ लिहीन.

शब्द निवडण्यापूर्वी यंत्र काय मोजते ते पाहावे. नेहमीच्या सोनोग्राफीत करड्या छटांचे चित्र मिळते, आणि त्यात आसपासच्या ऊतकासारखीच दिसणारी गाठ बोटाला टणक लागू शकते. जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ऊतक किंचित दाबून आधीचे आणि नंतरचे प्रतिध्वनी ताडून पाहिले जातात. जो भाग कमी दबतो तो अधिक ताठर. यकृताच्या एका प्रचलित तपासणीत उजवा हात डोक्यामागे घेऊन उताणे निजवतात आणि बरगड्यांच्या फटीत टेकवलेले यंत्राचे टोक त्वचेवर टिचकी मारल्यासारखा हलका ठोका देते. त्या ठोक्याने शिअर वेव्ह नावाची संथ लाट यकृतात शिरते आणि श्राव्यातीत ध्वनी (सोनोग्राफीत वापरतात तो, कानाला ऐकू न येणारा) तिचा माग काढतो. हा ध्वनी मऊ ऊतकातून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो, तर ती लाट जेमतेम एक-दोन मीटर. ऊतक जितके ताठर, तितकी लाट वेगवान. वेगाचा वर्ग, ऊतकाची घनता आणि ३ यांचा गुणाकार केला की किलोपास्कलचा आकडा निघतो. वेग १.३ मीटर असेल तर सुमारे ५, आणि २ मीटर असेल तर १२.

प्रश्न: मग ‘काठिण्य’ का नको? रुग्ण तर ‘लिव्हर कडक झाले’ असेच म्हणतात.

उत्तर: ‘कडक’ला माझा विरोध नाही, समोरासमोर समजावताना तोच शब्द उत्तम. ‘काठिण्य’ मात्र खनिजशास्त्राने आधीच उचलला आहे, आणि तेथे प्रश्न ओरखडा उठतो की नाही याचा असतो. ‘घट्टपणा’ घनतेकडे किंवा दाटपणाकडे ओढतो. ‘निबरपणा’ मला मनापासून आवडतो, पण त्यात जून झाल्याची छटा आहे आणि ताठरता तर तात्पुरतीही वाढते: जेवणानंतर यकृताचा रक्तप्रवाह वाढल्यानेही आकडा चढतो, म्हणूनच काही तास उपाशी राहून यायला सांगतात. याच कारणाने ‘स्टिफनेस’साठी थेट ‘तंतुमयता’ (फायब्रोसिस, म्हणजे यकृतात व्रणासारखे तंतू साचणे) लिहिणे ही सर्वांत मोठी चूक ठरेल. यकृताला सूज असली किंवा पित्ताचा मार्ग अडला तरीही ताठरता वाढू शकते. तंतुमयता हा त्या आकड्यावरून, इतर तपासण्या जोडीला घेऊन, डॉक्टरांनी काढायचा निष्कर्ष आहे.

प्रश्न: ‘स्ट्रेन’ला पाठ्यपुस्तकात ‘विकृती’ म्हणतात. चित्राखाली तोच लिहावा का?

उत्तर: अभियंत्यांसाठी लिहीत असाल तर अवश्य. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर मुळीच नको, कारण वैद्यकात विकृती म्हणजे बिघाड, आणि निरोगी ऊतकात ही ‘विकृती’ अधिक असते! तेथे ‘दाबल्यावर झालेला आकारबदल’ असे लांबलचक पण सरळ लिहावे, आणि ताठरतेच्या रकान्याखाली ‘आकडा जितका मोठा, तितके ऊतक अधिक ताठर’ एवढी एक ओळ जोडावी.