ओसरीतला कॅमेरा काढू का राहू देऊ?

औशाची लेक

नमस्कार मंडळी. विषय एवढासा आहे, पण त्यावरून दोन महिने आम्हा भावंडांत धड बोलणं नाही, म्हणून इथं टाकतेय.

माय (वय ७१) औसा तालुक्यात आमच्या गावी एकटी राहते. मी लातूरला, भाऊ पुण्याला. तिला बीपीची गोळी चालू आहे, गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. दिवाळीत भावानं ओसरीत वायफाय कॅमेरा बसवला. अडीच हजाराचा, मान फिरवणारा, त्यातून बोलताही येतं. त्याचं म्हणणं, रात्री-बेरात्री पडली तर कळेल तरी.

ओसरीतच का, तर माय ओसरीतच झोपते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. आमच्या जुन्या घराचं माळवद निम्मं खाली आलं. उकाडा होता म्हणून आम्ही सगळे ओसरीत झोपलो होतो, म्हणून आज हे लिहायला आहे. पुढं सिमेंटचं घर झालं, पण मायची बाज काही आत गेली नाही. पत्र्याची ओसरी हीच तिची झोपायची खोली, हाच दिवाणखाना.

मागच्या आठवड्यात गेले तर भर दुपारी माय डोक्यावर पदर घेऊन बसलेली. म्हणलं, घरात कुणी नाही, पदर कशाला? तर म्हणे, "जावई बघत असतील की." आमच्या ह्यांच्या मोबाइलात ते ॲपसुद्धा नाही! पण तिला कसं पटवायचं? रोज संध्याकाळी लुगडं गुडघ्यावर घेऊन तेल चोळायची, ते बंद झालंय. आत अंधारात चोळते, नाहीतर राहून जातं. अंधार पडला की त्या कॅमेऱ्याचा लाल डोळा दिसतो. "ते मेलं सारखं माझ्याकडं बघायलंय," म्हणते. एकदा तर भावानं पुण्याहून विचारलं, "आई, गोळी घेतली का?" भिंतीतून आवाज आला म्हणून दचकली आणि हातातलं ताकाचं गाडगं सुटलं. पडू नये म्हणून लावलेला कॅमेरा, आणि त्याच्यापायीच पडायची पाळी.

हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण चार वाजता ओसरीत शेंगा फोडायला, वाती वळायला बायका जमायच्या. सुनांचं, नवऱ्याच्या पिण्याचं, बचत गटाच्या हप्त्याचं, सगळं तिथं निघायचं. आता कुणी येत नाही. एकीनं तोंडावर सांगितलं, "माझ्या घरचं तुझ्या लेकाच्या मोबाइलात कशाला?" गेल्या पावसाळ्यात मायला चक्कर आली तेव्हा ह्याच बायकांनी तिला रिक्षात घालून औशाला दवाखान्यात नेलं होतं. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

काढते म्हणलं की भाऊ म्हणतो, "काढ, पण काही झालं तर जबाबदारी तुझी." यावर माझी बोलती बंद होते. काय करू?

कॅमेरेवाला, लातूर

ताई, माझा धंदाच हा आहे, म्हणून कॅमेरा काढा असं मी सांगणार नाही. पण तुमच्या मातोश्रींचं लाल डोळ्याचं खरं आहे. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे असतात. ८५० नॅनोमीटरचे असले की अंधारात मंद लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० चेच येतात.

त्याआधी एक काम आजच करा. ॲपमध्ये जाऊन हा कॅमेरा कुणाकुणाला शेअर केलाय ती यादी बघा. आमच्या धंद्यातली पोरं घाईत असतात. घरमालकाला ओटीपी जमत नाही, तर पोरगा स्वतःच्या मोबाइलवर खातं उघडतो आणि मग मालकाला शेअर करतो. म्हणजे कॅमेरा तुमच्या घरात आणि मालक तो. त्याच्या मनात काही नसेलही, पण चित्र तर त्याला दिसतंच ना. तसं असेल तर पिन घालून रिसेटचं बटन दाबून धरा, आवाज आला की कॅमेरा कोरा. पुन्हा नव्यानं घरच्याच नंबरवर घ्या आणि पासवर्ड लांबलचक ठेवा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याला फार डोकं लागलं नाही, कंपनीकडून आलेले 'ॲडमिन'छाप पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते.

नवा घेणार असाल तर बिल मागा. ९ एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या सरकारी तपासणीत पास झालेलेच कॅमेरे विकायचा नियम आहे.

धारूरकडचा

ताई, राग मानू नका, पण तुमच्या गावात चार वाजता बायका जमतात हे तुमचं नशीब. आमच्या वस्तीवर दसरा झाला की ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात. मग पार उन्हाळा लागेपर्यंत मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मी ट्रॅक्टरवर असतो, कोल्हापूरकडं. परवाच्या साली दोन पोरं मोटरसायकलवर आली, दागिने उजळून देतो म्हणाली, आणि आईची पुतळ्यांची माळ घेऊन गेली. आरडाओरडा केला तरी ऐकायला कोण होतं?

मग मी कॅमेरा लावला. गाडी खाली होईपर्यंत कारखान्यावर सात-आठ तास नंबर लागत नाही, तेव्हा मोबाइलात घर बघत बसतो. आई चुलीपुढं दिसली की बरं वाटतं. तुमच्या भावाला मी दोष देणार नाही. लांब राहणाऱ्याचा जीव असा टांगलेला असतो.

आवाज मात्र मी बंद ठेवलाय. आई दिवा लावताना देवाशी बोलते. ते मला ऐकायचं नाही.

काळा कोट

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा घरगुती कारणासाठी व्यक्तीनं केलेल्या वापराला लागू नाही. त्यामुळं भावावर त्याखाली काही करता येणार नाही.

औशाची लेक

भावावर केस करायची नाहीये हो वकीलसाहेब! पण कळलं, कायदा ओसरीच्या अलीकडंच थांबतो.

जुनी सिस्टर, अंबाजोगाई

मी तीस वर्षं वॉर्डात काढली. म्हातारी माणसं पडतात ती बाजेवरून फार थोडी. पडतात ती रात्री लघवीला उठल्यावर, ओल्या फरशीवर, नाहीतर अंधारात उंबऱ्याला अडखळून. तुमचा कॅमेरा बघतोय बाजेकडं. मोरीत बसवणार आहात का? नाही ना.

त्या अडीच हजारात ही कामं करा. मोरीच्या भिंतीला धरायला पाइप ठोका, भिंतीत पक्का, नुसता टॉवेलचा दांडा नको. वाटेवर झिरोचा बल्ब. फरशी गुळगुळीत असेल तर खरखरीत करून घ्या. आणि मायला सांगा, बीपीची गोळी चालू आहे तर झोपेतून एकदम उभं राहायचं नाही. आधी बाजेच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचे, थोडं थांबायचं, मग उठायचं. मोठ्या आकड्यांचा बटनाचा मोबाइल द्या, एकाच बटनावर तुमचा नंबर. सकाळी सातला मिस्ड कॉल नाही आला तर तुम्ही शेजारी फोन लावायचा. ११२ तर आहेच. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, पण ती सकाळी ८ ते रात्री ८.

आणि कॅमेरा कुठं लावायचा हे मायला कुणी विचारलं का? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये ते कुठं दिसलं नाही.

औशाची लेक

सिस्टर, नाही विचारलं. भावानं नाही आणि मीही नाही. मीपण इथंच विचारायला आले.

रविवारी जाऊन आले. आधी यादी उघडली. भाऊ, वहिनी आणि तिसरा एक नंबर, कुणाचा ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही. बसवून देणाऱ्या पोराचा निघाला. दोन महिने त्याला आमची ओसरी दिसत होती! फोन केला तर म्हणतो, "ताई, मी कशाला बघू? माझ्याकडं दीडशे घरं आहेत." भावाला हे सांगितल्यावर पहिल्यांदा तो गप्प बसला. त्यानंच व्हिडिओ कॉलवर रिसेट करून घेतलं.

मग मायला विचारलं. मला वाटलं, फेकून दे म्हणेल. तर म्हणाली, "दारात लाव. गेटातून कोण आलं-गेलं कळू दे त्याला. बाजेकडं तोंड नको. आणि त्याला म्हणावं, बोलायचं असलं तर फोन कर, भिंतीतून बोलू नको." कॅमेरा आता गेटाकडं तोंड करून आहे, आवाज बंद. मोरीत पाइप ठोकून घेतला, धारूरच्या भाऊंचं ऐकून माळ आणि पाटल्या बँकेत ठेवल्या. बायकांना मी घरोघरी जाऊन सांगितलं, तरी सोमवारी एकच आली. ती आधी कॅमेऱ्याखाली उभी राहून इकडं तिकडं बघून, मगच बसली म्हणे.

कॅमेरेवाला, लातूर

छान झालं. राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस लावून घ्या, म्हणजे लाइट गेली तरी चालू राहील.

औशाची लेक

तोच घोळ आहे, दादा. भाऊ म्हणतो, गावात रोज रात्री नऊ ते पहाटे पाच लाइट नसते, कॅमेरा बंद दाखवतो. माझ्यासमोर मायनं जेवण झाल्यावर बोर्डावरची त्या दोन्हींची बटनं खाली केली आणि बाजेवर आडवी झाली. म्हणलं, हे रोज करतेस? म्हणाली, "दिवाळीपासून. बिल कोण भरायलंय?"

भावाला अजून सांगितलेलं नाही.