‘किल एम ऑल’मध्ये डेव्ह मस्टेनचा वाटा किती मानावा?

प्रश्न:
मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या ‘किल एम ऑल’ या पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण मे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे झाले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी गिटारवादक डेव्ह मस्टेनला बँडमधून काढण्यात आले होते आणि त्याच्या जागी एक्झोडस बँडमधून कर्क हॅमेट आला होता. तरीही दहापैकी चार गाण्यांच्या श्रेयात मस्टेनचे नाव आहे. हा अल्बम कितपत त्याचा मानावा? चाहतेगिरी बाजूला ठेवून, ऐकून पडताळता येईल असे काही कोणी सांगू शकेल काय?

प्रतिसाद १:
१९८२ चा ‘नो लाइफ टिल लेदर’ हा डेमो (अल्बमपूर्वीचे नमुना ध्वनिमुद्रण) अल्बमशेजारी ठेवून ऐकावा. डेमोतील सातही गाणी अल्बममध्ये आली आहेत, म्हणजे सांगाड्याचा मोठा भाग हॅमेट येण्यापूर्वीच उभा होता. हॅमेटला मस्टेनचे सोलो (एकल गिटारवादनाचे तुकडे) आधाराला घेऊन वाजवण्यास सांगितले गेले. त्याने बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचे काही स्वर तसेच ठेवले आणि पुढे स्वतःची वाट धरली. त्यामुळे सोलोचा आरंभ ओळखीचा आणि शेवट निराळा, असा अनुभव वारंवार येतो.

प्रतिसाद २:
हे मान्य आहे, पण चर्चा सोलोंवरच अडकते, आणि थ्रॅश या मेटलच्या अतिवेगवान प्रकाराचा कणा सोलो नसून ऱ्हिदम गिटार (गाण्याची लय धरणारी गिटार) आहे. ‘व्हिपलॅश’मध्ये गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्डचा उजवा हात ज्या वेगाने आणि नेमकेपणाने तारा छेडतो, त्यावर अल्बमची ओळख ठरते, आणि हे गाणे त्या डेमोत नव्हतेच. बासवादक क्लिफ बर्टनचा ‘ॲनेस्थेशिया’ हा बास सोलोही असाच नंतरचा. त्याच्या आरंभी ‘बास सोलो, टेक वन’ अशी घोषणा ऐकू येते. बास गिटारला डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारी योजना) आणि वाह पेडल (पायाने दाबून स्वराचा पोत बदलणारे उपकरण) लावून तिला असे गाऊ देणे हे सर्वस्वी बर्टनचे. (निर्माता पॉल कर्सियो याच्यावर बँड खूश नव्हता, पण आवाजाचा तो कोरडा खरखरीतपणा मला तरी या गाण्यांना शोभणारा वाटतो.)

प्रतिसाद ३:
पडताळणीसाठी एकच गाणे निवडायचे, तर ‘द फोर हॉर्समेन’ घ्यावे. डेमोत हेच गाणे ‘द मेकॅनिक्स’ या नावाने, निराळ्या शब्दांसह आहे. अल्बममध्ये हेटफील्डचे नवे शब्द आले आणि मध्यभागी एक संथ, सुरेल टप्पा जोडला गेला, ज्यामुळे ते सात मिनिटांच्या पुढे गेले. मस्टेनने १९८५ मध्ये मेगाडेथ या स्वतःच्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये ते जुन्या शब्दांसह आणि आणखी जलद गतीने वाजवले. दोन्हींमधील समान रिफ (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या सुरावटी) मस्टेनच्या खाती निःशंकपणे टाकावेत. त्या संथ टप्प्यामुळे गाण्याला जो पसारा आणि गांभीर्य मिळाले, ते मात्र ‘मेकॅनिक्स’मध्ये शोधूनही सापडत नाही.