रॅव्ह-४ की सीआर-व्ही? दोन्ही २०१८ च्या, दोन्ही ऑल-व्हील (चारही चाकांना ताकद)

चारचौघे
मंडळी, दोन वापरलेल्या गाड्यांवर घोडं अडलंय.

१) टोयोटा रॅव्ह-४, २०१८, २.५ लिटर पेट्रोल, ६ स्पीड ऑटोमॅटिक, ९८,००० किमी. पहिल्या ७०,००० किमीच्या सर्व्हिसच्या पावत्या आहेत, पुढच्या नाहीत.
२) होंडा सीआर-व्ही, २०१८, १.५ टर्बो पेट्रोल, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ८२,००० किमी. सगळ्या पावत्या आहेत.

मागितलेली किंमत जवळपास सारखीच. हायब्रिड नको आहे. मागे मुलांच्या दोन सीट कायम लावलेल्या असतील. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा, हिवाळ्यात सकाळी तापमान शून्याखाली जातं. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. गाडी सात-आठ वर्षं ठेवायची आहे. किलोमीटर आणि पावत्या पाहता सीआर-व्ही सरस वाटते. काय तपासावं आणि कुठली घ्यावी?

टॉर्करेंच
तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ किलोमीटरची नाही. "रोज चार-पाच किलोमीटर, तापमान शून्याखाली" ही आहे.

सीआर-व्हीचं १.५ टर्बो हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन गार असताना मिश्रणात पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं काही सिलिंडरच्या गार भिंतींवर जमतं आणि रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब प्रवासात ऑइल नीट तापलं की ते पेट्रोल उडून जातं. चार किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही, त्यामुळे ते साठत राहतं. ऑइलची पातळी वाढते, ऑइल पातळ होतं, आणि टर्बोच्या बेअरिंगला व टायमिंग चेनला हवा तसा थर मिळत नाही. थंड प्रदेशांत या तक्रारी इतक्या आल्या की होंडाने सॉफ्टवेअर बदललं आणि काही बाजारांत इंजिनची वॉरंटी वाढवली. त्याने त्रास कमी होतो, संपत नाही. तुमच्यासारख्या वापरात महिन्याचा एक लांब प्रवास पुरेसा नाही. हे इंजिन घेतलंत तर ऑइल ८,००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा बदलायचं. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ऑइलच्या उरलेल्या आयुष्याच्या टक्क्यांची वाट बघू नका. ०डब्ल्यू-२० या ग्रेडचं ऑइल लागतं, फिल्टरसकट साधारण ३.५ लिटर. इतक्या कमी ऑइलमध्ये थोडं पेट्रोलही जास्त भरतं, हाही त्यातला एक भाग.

रॅव्ह-४ चं २.५ जुन्या पद्धतीचं आहे. टर्बो नाही, पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवा आत येण्याच्या वाटेत (इनटेक पोर्टमध्ये) फवारलं जातं, ऑइल ४.४ लिटर. पिकअपमध्ये सीआर-व्हीपुढे मवाळ आणि जोरात दाबलं की आवाज करतं, पण छोट्या फेऱ्या निमूट सोसतं. "टोयोटाचं इंजिन ऑइल पितं" असं कोणी सांगितलं तर ते बहुधा आधीच्या पिढीतल्या २.४ बद्दल बोलत असतात. हे ते इंजिन नव्हे.

यात बघायचं ते वॉटर पंप. बेल्टच्या बाजूने टॉर्च मारा. पंपाच्या घराभोवती गुलाबी सुकलेले डाग किंवा खपली दिसली तर पंप गळतोय. कूलंट भरत राहणं हा इलाज नव्हे, पंप बदलावा लागतो. बेल्टही त्याच वेळी टाका.

दुसरं, बॅटरी हलवून बघा. २०१३ ते २०१८ च्या पेट्रोल रॅव्ह-४ साठी २०२३ मध्ये अमेरिकेत रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला होता. बदली बॅटरीचा वरचा भाग आकाराने लहान असेल आणि ती नीट आवळलेली नसेल, तर जोरात वळताना सरकून पॉझिटिव्ह टर्मिनल पट्टीला टेकू शकतं आणि शॉर्ट होऊन आग लागू शकते. योग्य मापाची बॅटरी, घट्ट पट्टी आणि टर्मिनलवर टोपी, तिन्ही हवीत.

माझं मत रॅव्ह-४.

मागची_सीट
इंजिनाबद्दल टॉर्करेंच यांचं म्हणणं मान्य, पण गाडीत बसायचंही असतं.

दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,६६० मिमी, म्हणजे कागदावर जुळ्याच. तरी मागच्या सीटवर पायांची जागा सीआर-व्हीत जवळपास ८ सेंमी जास्त आहे. उलट्या तोंडाची बेबी सीट लावणाऱ्याला हे ८ सेंमी रोज जाणवतात. रॅव्ह-४ मध्ये ती सीट बसवायला पुढची सीट पुढे ओढावी लागते आणि उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. सीआर-व्हीचे मागचे दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात, मूल कडेवर घेऊन वाकताना त्याची किंमत कळते. डिकी दोन्हींची सारखीच धरा.

त्यामुळे बेबी सीट घेऊनच गाडी बघायला जा. दोन्ही गाड्यांत बसवा आणि चालवणाऱ्याने आपली सीट नेहमीसारखी लावून बसून बघा. मुलं मोठी होऊन सीट सरळ तोंडाच्या झाल्या असतील तर हा मुद्दा बराच गळून पडतो.

मायलेजमध्ये अमेरिकन पर्यावरण संस्था ईपीएचे (शहर आणि हायवे मिळून) एकत्रित आकडे ऑल-व्हीलसाठी रॅव्ह-४ ला २५ आणि सीआर-व्हीला २९ मैल प्रति गॅलन आहेत, म्हणजे लिटरला सुमारे १०.६ आणि १२.३ किमी. गार इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत दोन्ही त्याहून बऱ्याच खाली येतील. या फरकावर निर्णय घेऊ नका. आणि हो, १.५ टर्बोचा हीटर गरम व्हायला वेळ लावतो. पाच किलोमीटरच्या फेरीत मुलं शाळेच्या दारात पोचेपर्यंत गार हवाच.

चारचौघे
दोघांचे आभार. मुलांच्या सीट आता सरळ तोंडाच्याच आहेत. काल सीआर-व्ही पुन्हा पाहिली. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या थोडं वर होतं. मालक म्हणतो गॅरेजवाल्याने जास्त भरलं. हेड गॅस्केटबद्दलही (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) कुठेतरी वाचलं, ते घरच्या घरी तपासता येतं का?

कूलंटवाले
"जास्त भरलं" हे खरं असूही शकतं, पण ते पडताळता येतं. पावतीवर किती लिटर भरलं ते बघा. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा आणि ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला आणि ऑइल बोटांत पाण्यासारखं लागलं तर उत्तर मिळालं. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून तीन मिनिटांनी मोजायचं, चढउतारावरचं माप काही सांगत नाही.

हेड गॅस्केट ही १.५ टर्बोची दुसरी आणि जास्त खर्चिक गोष्ट. टर्बोच्या दाबाखाली जळलेला वायू गॅस्केट ओलांडून कूलंटमध्ये शिरतो. लक्षणं: बाहेर कुठेही थेंब न पडता कूलंट कमी होणं, चढावर काटा वर जाणं, सकाळी पहिल्या स्टार्टला अर्धा मिनिट इंजिन अडखळणं. चौथं म्हणजे मिसफायरचे कोड, पी०३०० ते पी०३०४.

तपासणीचा क्रम असा ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, हे आधीच कळवून ठेवा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच "तयार" करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. गार असतानाच राखीव टाकीतली कूलंटची पातळी बघा आणि फोटो काढून ठेवा. सुरू करताना तुमच्यापैकी एकाने सायलेन्सरपाशी थांबावं. थंडीत थोडी वाफ नेहमीचीच. गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही टिकला तर गोष्ट वेगळी.

मग वीसेक मिनिटं चढावर किंवा हायवेवर जोर देऊन चालवा. हळू फिरवलं तर टर्बोचा दाब तयार होत नाही आणि गळती लपते. परतल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि पातळी फोटोशी ताडून बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजाल.

खात्री करायची तर मेकॅनिककडून ब्लॉक टेस्ट करून घ्या. निळा द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, कूलंटमधून जळलेला वायू येत असेल तर द्रव पिवळा होतो. गळती अगदी बारीक असेल तर ही टेस्टही चुकते, म्हणून शंका राहिली तर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघणं. बोअरस्कोपने (नळीवरचा बारीक कॅमेरा) पिस्टन बघता आले तर आणखी चांगलं. तीन पिस्टन काजळलेले आणि एकच चकचकीत धुतल्यासारखा असेल तर तिथे कूलंट जातोय.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावाल तेव्हा कोड नाहीत एवढ्यावर थांबू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

टॉर्करेंच
दोन गोष्टी राहिल्या, ऑल-व्हीलबद्दल.

सीआर-व्हीच्या मागच्या डिफ्रन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) क्लच प्लेट आहेत, तिथे होंडाचं ड्युअल पंप फ्लुइडच लागतं, साधारण सव्वा लिटर. कोणी साधं गिअर ऑइल भरलं असेल किंवा तेल जुनं झालं असेल तर पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना मागून घरघर येते. दोन्ही बाजूंना आठचा आकडा काढून ऐका. होंडाच्या मेंटेनन्स कोडमध्ये ६ म्हणजे हे तेल, ३ म्हणजे गिअरबॉक्सचं तेल. "सगळ्या पावत्या" मध्ये हे दोन आकडे सापडतात का बघा. नुसत्या ऑइल फिल्टरच्या पावत्यांची जाड फाइलही पूर्णच दिसते. सीव्हीटीत फक्त होंडाचं एचसीएफ-२ तेल. ताशी २० ते ४० किमीच्या दरम्यान हलक्या थ्रॉटलवर थरथर जाणवली तर ती गाडी सोडा.

रॅव्ह-४ मध्ये ट्रान्सफर (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा गिअरचा डबा) आणि मागचा डिफ्रन्शियल यांत प्रत्येकी अर्ध्या लिटरच्या आसपास गिअर ऑइल असतं. ते बहुतेक जण विसरतात. ड्रेनचा बोल्ट खोलण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, नाहीतर रिकामा डिफ्रन्शियल घेऊन बसाल. गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस तेल भरून, ते ठरावीक तापमानाला आणून, ओव्हरफ्लोच्या भोकातून पातळी लावायची असते. "आजन्म तेल" हा शब्द मनावर घेऊ नका. एका ड्रेनमध्ये अर्ध्याहून कमी तेल निघतं, त्यामुळे ९८,००० ला एकदा आणि काही हजार किमीने पुन्हा एकदा बदला.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो, मागच्या चाकांना ताकद जोडणारं कपलिंग सतत घसरत राहतं आणि तापतं. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

मागची_सीट
सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालच्या लेबलवरची तारीखही बघा. गाडी २०१८ ची आणि एकच बेल्ट २०२१ चा असेल तर तो का बदलला, ते विचारा. पुढची काच बदललेली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केल्याची पावती मागा, ते नसेल तर लेन असिस्ट आणि आपोआप ब्रेक यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सरळ तोंडाच्या सीट असतील तर माझंही मत आता रॅव्ह-४ कडे झुकतं, वॉटर पंप कोरडा निघाला तर.

चारचौघे
शनिवारी रॅव्ह-४ गार इंजिनावर बघायला जातोय, टॉर्च आणि स्कॅनर घेऊन. ७०,००० नंतरच्या सर्व्हिसच्या पावत्यांसाठी मालकाकडून गॅरेजचं नाव मागितलं आहे. ते मिळालं नाही तर गिअरबॉक्स, ट्रान्सफर, डिफ्रन्शियल आणि इंजिन ऑइल, सगळी तेलं बदलायची आहेत असं धरूनच बोलणी करेन.