मदत हवी आहे: तयार घेतलेला गेमिंग पीसी, आधी ग्राफिक्स कार्ड बदलू की एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा)?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात राहतो. घरापासून समुद्र चालत पाच मिनिटांवर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमची आंब्याची कलमं मोडली. त्याआधी ज्या पेट्या निघाल्या होत्या, त्यांच्या पैशातून बाबांनी मला हा पीसी घेऊन दिला. त्या वर्षी घरात पैशाची किती ओढाताण होती ते मी बघितलंय. त्यामुळे या मशीनवर आता जो रुपया घालीन तो वाया जाऊ नये, एवढंच वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन दुकानातून जुळवून ठेवलेलंच आलं. प्रोसेसर आय५-१०४००एफ, एच४१० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० ४ जीबी, १ टीबीची हार्ड डिस्क. एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) नाही. मॉनिटर साधा १०८०पी, ६० हर्ट्झचा. संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो. दुसरं काम जत्रांच्या दिवसांतलं. आमच्याकडच्या दशावतारी नाटकांचं रात्रभर शूटिंग करतो आणि घरी एडिट करून मंडळींना देतो. यंदा त्यातून २५ हजार बाजूला पडले, तेच बजेट.

अडचण अशी आहे. सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं जातात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असते. हे मी एकवेळ सोसलं असतं. पण दिवाळीपासून मशीन मध्येच रीस्टार्ट होतं. निळा स्क्रीन नाही, काही नाही, एकदम काळोख आणि परत चालू. गेममध्ये कधीतरी होतं. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की मात्र मिनिटभरातच होतं, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान.

दुकानदाराचं म्हणणं, कार्ड जुनं झालं, आरएक्स ६६०० टाका. त्याने भाव २२ हजार सांगितला. माझ्या एसएमपीएसला कार्डासाठीची ८ पिनची वायरच नाही म्हटल्यावर म्हणाला, "दोन मोलेक्सचा जोड लावून देतो, काही होत नाही." मोलेक्स म्हणजे डिस्कसाठीच्या जुन्या ४ पिनच्या वायरी. नाहीतर आरएक्स ६५०० एक्सटी घ्या, स्वस्तात पडेल. मित्र म्हणतात, रॅम १६ कर. तिकडे रॅमचे भाव दिवाळीनंतर असे चढलेत की विचारायचीही सोय नाही.

काल दुपारी पहिल्यांदाच बाजूचं झाकण काढलं. चारातला एक स्क्रू गंजून बसला होता, फुलीच झिजली, शेवटी पकडीने फिरवून काढला. आतून मागच्या पत्र्यावर पांढरट-हिरवी बुरशी धरल्यासारखा थर. पंख्याखाली पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. मग टॉर्च धरून एसएमपीएसचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. आणि इनपुटच्या ओळीत २००-२४० व्होल्ट. आमच्याकडे संध्याकाळी टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा आकडा १७८-१८० दाखवतो. पीसी त्या स्टॅबिलायझरवर नाही, थेट प्लगात आहे.

हे आकडे वाचल्यापासून मला वाटायला लागलंय की कार्डाच्या आधी एसएमपीएसचं बघायला हवं. सगळे उलट सांगतायत. मी बरोबर विचार करतोय का? २५ हजारांत कोणत्या क्रमाने काय बदलू? आणि खाऱ्या हवेपासून हे सगळं वाचवायचं कसं?

प्रतिसाद १

तुम्ही बरोबर विचार करताय. लेबल वाचलंत, तिथेच निम्मं काम झालं.

एसएमपीएसच्या डब्यावरचा मोठा आकडा सोडून द्या. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही १२ व्होल्टवर जगतात. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. तुमच्या कामाचा खरा आकडा तो. आता मागणी बघा. १०४००एफ कागदावर ६५ वॅटचा आहे, पण जोर लागला की साधारण पहिली २८ सेकंद तो १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो, इंटेलची तशी मुभाच आहे. जीटीएक्स १६५० चे ७५. बेरीज २०९. वर पंखे आणि हार्ड डिस्क. एक्स्पोर्ट सुरू केल्यावर मिनिटभरात मशीन का पडतं, याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही. त्यात पाच वर्षं जुना एसएमपीएस, आत खारी हवा आणि बाहेरून १७८ व्होल्ट, जेव्हा त्याला किमान २०० हवेत.

यावर आरएक्स ६६०० लावलंत तर कार्ड एकटं १३२ वॅट मागेल. १३४ अधिक १३२, म्हणजे २६६. हे २१६ मध्ये बसत नाही. मोलेक्सच्या जोडाने यात एक वॅटही वाढत नाही, तो फक्त कनेक्टरचा आकार बदलतो. हलक्या प्रतीच्या जोडाची प्लास्टिकची खोबण तापून वितळलेली मी हाताने काढली आहे, पिना काळ्या पडल्या होत्या. दुकानदार काहीही म्हणो, तुम्ही नाही म्हणा.

घ्यायचा तो ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढायची सोय) असलेला. दुकानात खोक्यावरचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन गोष्टी बघा: १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर, आणि इनपुट १००-२४०. तुमच्या संध्याकाळसाठी हा दुसरा आकडा सगळ्यात मोलाचा. ८ पिनची वायर आपसूक येईलच. घेण्याआधी बोर्डावरचा मोठा कनेक्टर नेहमीचा २४ पिनचाच आहे ना ते मोजा. काही तयार मशीनमध्ये बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या घडणीचा असतो आणि बाजारातला एसएमपीएस त्याला बसत नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी तुम्ही तर अजिबात घेऊ नका. ते कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या रस्त्याच्या, चारच लेनवर चालतं. नव्या, जास्त वेगाच्या पीसीआयई ४.० बोर्डावर खपून जातं, तुमचा एच४१० मात्र ३.० आहे, तिथे ते अडखळतं. आणि दशावताराच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यात व्हिडिओ एन्कोडरच (एक्स्पोर्ट झटपट करणारा भाग) नाही. तुमच्या जुन्या १६५० मध्ये आहे. पैसे घालून एक्स्पोर्ट आणखी रखडेल.

आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, ३.० वर थोडं कमी पडतं, पण १०८०पीला छान आहे. कार्डासाठी पैसे पुरले नाहीत तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा. ७० वॅटचं, वेगळी वायर लागत नाही. जोर ६६०० एवढा नाही. ८ जीबीवालं ३०५० वेगळं, ते १३० वॅटचं आहे, दुकानात दोन्ही एकाच नावाने दाखवतात.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. फक्त क्रमाबद्दल: एसएमपीएसबरोबरच एसएसडी घ्या. आळशी मशीनला याहून मोठा उतारा नाही. हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या आसपास देते, साधी साटा (हार्ड डिस्कसारखी वायरने जोडायची) एसएसडी साडेपाचशे. बोर्डावर एम.२ ची जागा (जिथे पट्टीसारखी एसएसडी थेट बसते) असेल तर ती वापरा, पण आधी झाकण उघडून तिथे उभी पितळी नळी आणि तिच्यातला इवलासा स्क्रू आहे का बघा. तयार मशीनमध्ये तो हमखास नसतो, आणि आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी तो एक स्क्रू मिळवायला दोन दिवस जातात.

विंडोज नव्याने टाका. तयार मशीनचं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, इंटरनेट जोडलं की आपोआप लागू होतं. टाकताना ११ च टाका. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर ११ ला चालतो, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पीटीटी आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन सेटिंगं चालू करा. ११ वर व्हॅलोरंट या दोन्हींशिवाय उघडत नाही. जुन्या डिस्कवरची नाटकं मात्र त्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या. रात्रभर जागून केलेलं शूटिंग परत होत नाही.

रॅम थांबू शकते. घ्याल तेव्हा दुसरी ८ जीबीचीच पट्टी, म्हणजे ड्युअल चॅनल होईल, दोन्ही पट्ट्या एकदम काम करतील. ३२०० वेगाच्या पट्टीसाठी जास्त पैसे मोजू नका, आय५ आणि एच४१० च्या जोडीत ती २६६६ वरच धावणार.

प्रतिसाद ३

बाबू, माका कार्डातला काय कळना नाय, पण वायरिंगातला कळता. कॅबिनेटाच्या पत्र्याक हात लावल्यावर झिणझिण्या येतत काय तुका? येत असतीत तर अर्थिंग बघ आधी. आमच्याकडे जांभ्यात मारलेली सळई मार्च-एप्रिलात पुरी सुकता, मगे करंट जातलो खंय? खड्ड्यात कोळसो नि मीठ घालून घे आणि उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओत. काम वायरमनाकडसूनच करून घे, स्वतः हात घालू नको. आणि विजा चमकाक लागल्यो की प्लगच काढून ठेव, इंटरनेटाची वायरसुद्धा.

धागालेखक

मनापासून आभार सगळ्यांचे. काका, झिणझिण्या येतात. पावसात अनवाणी असताना जास्त. मला वाटायचं सगळ्याच कॉम्प्युटरना असं होतं.

बोर्डाचा कनेक्टर मोजला, २४ पिनचाच आहे. एम.२ ची जागा आहे, नळी आहे, स्क्रू नाही. खाऱ्या हवेबद्दल कोणी सांगेल का? रॅमची पट्टी काढून बघितली तर सोनेरी दात मळकट दिसतायत. आणि साफ करायला कार्ड काढलं तर मशीन चालू होईल ना?

प्रतिसाद ४

कार्ड काढलंत तर मशीन चालू होईल, पण स्क्रीनवर काही येणार नाही. नावातल्या एफचा अर्थच तो, या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. घाबरू नका.

खाऱ्या हवेचं असं आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच तुमच्या बोर्डावर होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. धुळीबरोबर आत बसलेले खाराचे कण ओले होतात आणि तांबं, पत्रा खायला लागतात. म्हणून आधी धूळ. कोरड्या दिवशी, प्लग काढून, मऊ ब्रशने. पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका.

रॅमच्या दातांवर पांढरं खोडरबर अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने. मग कीस झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड फिरवा. पेट्रोल, रॉकेल, गंज काढायचा फवारा यातलं काही नको. मी मालवणला किनाऱ्याजवळ राहतो, दर वर्षी मृगाच्या आधी आणि दसऱ्याला, असं दोनदा हे करतो.

पावसाळ्यात मशीन बंद ठेवून देऊ नका. रोज तासभर तरी चालवा, आतला ओलावा त्याच्याच उबेने जातो. झाकायचं ते सुती कापडाने, आणि पूर्ण निवल्यावर. प्लास्टिकच्या आत घाम धरतो. खिडकी पश्चिमेची असेल तर टेबल तिथून हलवा.

धागालेखक

पंधरा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. एका नाटकाचं एडिटिंग हातात होतं.

कणकवलीला जाऊन एसएमपीएस आणि ५०० जीबीची एसएसडी घेतली. दोन्ही मिळून साडेनऊ हजार. दुकानदार खोकं उघडून देत नव्हता, म्हटलं लेबल वाचल्याशिवाय घेणार नाही. १२ व्होल्टला ४५ अँपिअर, इनपुट १००-२४०. एम.२ चा स्क्रू त्याने एका बंद पडलेल्या बोर्डाचा काढून फुकट दिला. नाटकांच्या फाइल आधी मित्राच्या डिस्कवर उतरवल्या.

कार्ड तेच आहे, रॅम तीच आहे. मशीन आता वीस सेकंदांत उघडतं. परवा मुद्दाम संध्याकाळी साडेसातला अडीच तासांचं नाटक एक्स्पोर्टला लावलं. स्टॅबिलायझर १८२ दाखवत होता, पडवीतला दिवा मिणमिणत होता. मी आणि बाबा दोघंही समोर बसून राहिलो. पूर्ण झालं, मध्ये एकदाही पडलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त उठून जुना एसएमपीएस हातात घेतला आणि चष्मा लावून त्याचं लेबल वाचलं.

उरलेल्या साडेपंधरा हजारांत यंदाच्या पेट्यांचे थोडे घालून मेमध्ये आरएक्स ६६०० घेईन. रॅमचे भाव उतरेपर्यंत थांबतो.

झिणझिण्या मात्र अजून आहेत. वायरमन रविवारी येतोय. काका, एवढं सांगा: अर्थिंगचा खड्डा मीटरजवळ अंगणात मारायला सांगू, तिथे निव्वळ जांभा आहे, की मागे विहिरीकडे? तिकडची माती मेमध्येही ओली असते, पण वायर साधारण चाळीस फूट जास्त लागेल.