गच्चीवर सोलरच्या नावाने पत्र्याचं शेड: मनपाच्या नियमात बसतं का?

गंगापूररोड:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट उत्तर देता येणार नाही.

आमची सोसायटी नाशिकला. १९९८ सालची इमारत, चार मजले, १६ फ्लॅट, एक लिफ्ट. मी वरच्या मजल्यावर राहते. पावसाळ्यात हॉलच्या एका कोपऱ्याला ओल येते, पोपडे सुटतात, आणि गणपतीत पाहुणे यायच्या आधी तिथे कपाट सरकवून ठेवावं लागतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय दर सर्वसाधारण सभेत निघतो आणि खर्चाचा आकडा ऐकला की पुढच्या वर्षावर जातो.

आता एक सोलरवाला कमिटीला येऊन भेटलाय. त्याचं म्हणणं, अख्ख्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा करू, त्यावर रंगीत पत्रा, पत्र्यावर पॅनल. गळती कायमची बंद, वीज मिळेल ती वेगळीच, आणि खाली हळदीकुंकवाला, बारशाला आयता हॉल. मनपाच्या परवानगीचं विचारलं तर म्हणाला, "काही लागत नाही. सोलरला सरकारच पैसे देतंय. कागदावर सोलर स्ट्रक्चर लिहायचं." कमिटीतल्या बऱ्याच जणांना हे पटलंय. मला वाटणारी शंका मी बोलून दाखवली, तर चेअरमनकाका म्हणाले, "अहो, गळतंय तुमच्याच घरात, आणि तुम्हीच नको म्हणताय?"

खरं आहे, सगळ्यात जास्त फायदा माझाच आहे. तरी मन घेत नाही. उद्या नोटीस आली तर ती १६ घरांना भोगावी लागेल. त्यात तळमजल्यावरच्या आजी आहेत, त्यांना वर्गणीचा हप्तासुद्धा जड जातो.

दुसरं असं की माझा मुलगा म्हणतो, सोसायटीचं राहू दे, आपण आपल्या मीटरवर ३ किलोवॅट लावू, ७८ हजार अनुदान मिळतं. गच्चीवर एका सभासदाला असं लावता येतं का? गच्ची लांबीरुंदीने साधारण २,२०० चौरस फूट आहे, पण त्यात पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि जिन्याचं टोपडं आलं.

निवृत्त_वायरमन:

ताई, मीटरच्या बाजूचं मी सांगतो, बांधकामाचं जाणकार सांगतील.

७८ हजार ही पीएम सूर्यघर योजनेतली एका घराची कमाल रक्कम. पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. सोसायटीच्या सामाईक मीटरला हिशोब वेगळा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॅटमागे १८ हजार. दोन्हीकडे पॅनल देशी बनावटीचं, डीसीआर मार्काचं लागतं आणि ठेकेदार राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला लागतो. त्याने ५ वर्षं देखभाल करायची असते, हे करारात लिहून घ्या. बरेच जण तोंडी हो म्हणतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत वीज ग्राहक हक्क नियम बदलले. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीसाठी थांबावं लागत नाही, तो मंजूर धरतात. मंजूर भार कमी असेल तर वाढवून देणं वीज कंपनीकडे. १० च्या वर गेलात की तपासणी आली, तिला १५ दिवसांची मुदत आहे.

पण हे सगळं विजेचं. महावितरणने नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसवून दिला म्हणजे मनपाने शेडला परवानगी दिली असा अर्थ होत नाही. ही दोन वेगळी दारं आहेत, आणि तुमचा सोलरवाला एकाच दाराची चावी दाखवतोय.

मानद_सचिव:

ताई, मी आमच्या सोसायटीचा बरीच वर्षं सचिव आहे आणि गच्चीवर सोलर बसवून झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. चेअरमनसाहेबांना हे वाचून दाखवा.

नाशिकला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, २ डिसेंबर २०२० पासूनची, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. उघड्या सांगाड्यावर तिरपी बसवलेली पॅनलं हे बांधीव क्षेत्र नव्हे. दोन पॅनलांच्या मधून पाऊस खाली पडतो, वारा जातो, गच्ची गच्चीच राहते. तिथे पत्रा आला की ते छप्पर झालं. छपराखाली बारशी, हळदीकुंकू सुरू झालं की तो वापर झाला. आणि पुढच्या पावसाळ्यात झड येते म्हणून कोणीतरी बाजूंना पत्रे लावतंच, की झाली खोली. वर पॅनल आहे म्हणून खालची खोली अधिकृत ठरत नाही. पत्रा हवाच असेल तर आर्किटेक्टकडून नकाशा करून नगररचना विभागाची परवानगी आधी घ्यायची. ती न घेता केलं तर नोटीस येते एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली, आणि ती सोसायटीच्या नावावर येते, सोलरवाल्याच्या नाही.

आमच्याच रस्त्यावरच्या एका सोसायटीत हे झालं. कोटेशनवर "एलिव्हेटेड सोलर स्ट्रक्चर", प्रत्यक्षात सबंध गच्चीवर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी जाळी. समोरच्या इमारतीतल्या कोणीतरी तक्रार केली. पाहणीला आलेल्या अभियंत्याने पॅनलांबद्दल एक अक्षर काढलं नाही. तो पत्र्याखाली उभा राहिला, टेप काढली आणि लांबीरुंदी लिहून घेतली. पत्रा उतरवायचा तर आधी पॅनलं उतरवावी लागली, आणि बसवणारा फोन उचलेना. शेवटी दुसरा माणूस आणून दुप्पट मजुरी दिली त्या लोकांनी. मी हे जवळून पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतोय.

म्हणून कोटेशन मागताना एकच वाक्य लिहून मागा: "सांगाड्यावर पॅनल सोडून कोणतंही आच्छादन नाही." हे लिहून द्यायला जो कां कू करेल, त्याला नमस्कार करा.

आता वारा. तुमच्या भागात सांगाड्याचं डिझाइन सेकंदाला ३९ मीटर वेग धरून करायचं असतं, आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे. मोकळ्या पॅनलांमधून वारा निसटतो, सलग पत्रा तो अडवून धरतो, आणि सगळा ताण तुमच्या स्लॅबमधल्या बोल्टवर येतो. ज्या स्लॅबमधून आधीच पाणी झिरपतंय त्यातच भोकं पाडून बोल्ट ठोकायचे, यात गळती बंद होण्यासारखं काय आहे? इमारत १५ वर्षांवरची आणि ३० च्या आतली असेल तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. तुमचं कधी झालंय ते दप्तरात बघा. झालं नसेल तर आधी ते. ५४० वॅटचं एक पॅनल २८ किलोच्या आसपास भरतं, ते फार नाही. पण त्याखाली काँक्रीटचे ठोकळे ठेवले की वजन वाढतं, आणि ते ठोकळे बीमवर ठेवायचे की स्लॅबच्या मधोमध, हे इंजिनीअरने ठरवायचं, फिटरने नव्हे.

आमच्याकडे क्रम असा होता: ऑडिट, मग वॉटरप्रूफिंग, मग पॅनल. कोबा उखडून नवा केला, उतार नाळ्याकडे नीट घेतला, गच्चीत पाणी तुंबवून तपासलं आणि त्यानंतरच ठोकळे ठेवले. भोकं पाडलीच नाहीत. पॅनलाखाली हात जाईल एवढी उंची ठेवली, म्हणजे पानगळ झाडता येते आणि कुठे चीर पडली तर दिसते. वॉटरप्रूफिंग टाळण्यासाठी सोलर लावणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं. मग दुरुस्तीच्या वेळी सगळी पॅनलं हलवावी लागतात.

मुलाच्या प्रश्नाचं. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली, त्यांची सावली आणि चालायची वाट सोडली तर तुमच्या २,२०० फुटांतली १,२०० हाती लागली तरी पुष्कळ. म्हणजे १२ किलोवॅट. १६ घरांनी प्रत्येकी ३ म्हटलं तर ४८ किलोवॅट होतात. पहिल्या चार घरांत जागा संपेल. आणि गच्ची १६ जणांची आहे. सभेच्या ठरावाशिवाय एकट्याने जागा अडवली तर उपविधींत देखभाल शुल्काच्या पाचपट आकारणीची तरतूद आहे. मुलाची इच्छा चांगली आहे, पण आधी सामाईक मीटरचं करा. लिफ्ट-पंपाचं बिल महिन्याला ६०० युनिटांच्या घरात असेल तर ५ किलोवॅट पुरतं: दिवसाला सरासरी २० युनिटं, जागा ५०० फूट, अनुदान ९० हजार. फायदा तळमजल्याच्या आजींनाही तितकाच, कारण वर्गणी सगळ्यांचीच हलकी होते.

मुलुंडचा_रहिवासी:

सचिवसाहेबांच्या उत्तराला एक जोड. हे वाचून मुंबईतल्या कोणी यूडीसीपीआर शोधत बसू नये. बृहन्मुंबईला ती लागूच नाही, इथे मुंबईची स्वतःची नियमावली, डीसीपीआर २०३४, आहे. चेकनाक्याच्या अलीकडे एक नियमावली, पलीकडे ठाण्यात दुसरी. मुलुंडला आमचं बिल महावितरणचं येतं, म्हणून आमच्या कमिटीतले लोक ठाण्यातल्या सोसायटीचे कागद जसेच्या तसे घेऊन निघाले होते. वीज कोणाची यावर बांधकामाचे नियम ठरत नाहीत, जमीन कोणत्या प्राधिकरणात आहे यावर ठरतात. एमआयडीसीच्या हद्दीतल्या इमारती, माथेरान-महाबळेश्वरसारखी ठिकाणं यांचंही वेगळं आहे. मुंबईत वाऱ्याचा वेगही ४४ मीटर धरतात, तेव्हा नाशिकचं डिझाइन इथे चालणार नाही.

गंगापूररोड:

मनापासून आभार. सचिवसाहेब, तुमचं उत्तर छापून चेअरमनकाकांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि सोलरवाल्याला फोन करून ते एक वाक्य लिहून मागितलं. तो म्हणाला, पत्रा नसेल तर मला परवडत नाही. यावरून सगळ्यांना काय ते कळलं.

दप्तरात ऑडिटचा कागद सापडला नाही. विशेष सभा बोलावतोय: ऑडिट आणि वॉटरप्रूफिंग हा पहिला विषय, सामाईक ५ किलोवॅट दुसरा. एकच विचारायचं राहिलं. ५ च्या ऐवजी एकदमच १० बसवून ठेवावं का? जागा आहे, आणि १० पर्यंत तपासणी नाही म्हणता.

निवृत्त_वायरमन:

आज नको. नेट मीटरवर जादा युनिटं महिन्यामागून महिना पुढे जातात, पण मार्चअखेर जी शिल्लक उरते तिला मिळणारा दर फार कमी असतो. ज्या युनिटाने तुमचं बिल कमी होतं, तेच खरं किमतीचं. लिफ्ट-पंपाची मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा, युनिटांची बेरीज करा आणि तेवढंच बसवा. उरलेली गच्ची मोकळी असू द्या. उद्या पार्किंगमध्ये गाड्यांचं चार्जिंग आलं तर वाढवता येईल. फक्त ठोकळ्यांची रांग आणि केबलची नळी आखताना पुढच्या पाच किलोवॅटची जागा नकाशावर दाखवून ठेवायला सांगा, आणि टाक्यांकडे जायची वाट किमान तीन फूट ठेवा. टाकी धुणाऱ्याला पॅनलावर पाय द्यायची वेळ येता कामा नये.