हँक मोब्ली कसा सुटला?

जॅझमधल्या टेनर सॅक्सोफोनवादकांच्या या चर्चेत सॉनी रॉलिन्स आणि जॉन कोल्ट्रेनवर भरभरून लिहिलंय, पण तेच वाद्य वाजवणाऱ्या हँक मोब्लीचं नाव कुणीच घेतलेलं दिसत नाही! त्याचा 'सोल स्टेशन' हा अल्बम (ब्लू नोट कंपनी, १९६०) ऐकाच. ट्रम्पेट नाही, मोब्ली धरून फक्त चौघं: पियानोवर विंटन केली, बासवर पॉल चेम्बर्स, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. 'धिस आय डिग ऑफ यू' या ट्रॅकमध्ये विंटन केली आधी रंग भरतो, मग मोब्ली शिरतो तो अजिबात घाई न करता, तालाच्या किंचित मागे रेंगाळत. एरवी गडगडणारा ब्लेकीही इथे किती सांभाळून वाजवतो! त्याच वर्षीच्या मोब्लीच्या 'रोल कॉल' अल्बममध्ये फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट आहे, तोही झकास. पण माझ्या मते मोब्ली तिथे थोडा झाकोळतो. १९६१चा 'वर्कआउट' मात्र ग्रँट ग्रीनच्या गिटारसाठी तरी चुकवू नका.