मोटरहोमने चियापास : सान क्रिस्तोबाल ते पालेंके, १९९ नंबरचा रस्ता घ्यावा का?

वैदेही_टेक्सास

नमस्कार मंडळी. आमचं मोटरहोम ३१ फुटी आहे, पेट्रोलवर चालणारं, मागे जोडचाकं. लारेडोला सीमा ओलांडून डिसेंबर-जानेवारीत दक्षिण मेक्सिको करायचा बेत आहे. वाहाकापर्यंतचं जुळलंय, पुढे चियापासमध्ये घोडं अडलंय. नकाशावर तर सगळं सरळ दिसतं : सान क्रिस्तोबालहून १९९ धरायचा, वाटेत ओकोसिंगो, मग आग्वा आसुल आणि मिसोल-हा हे धबधबे, आणि संध्याकाळी पालेंके, म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष. नवरा म्हणतो, सव्वादोनशे किलोमीटरसुद्धा नाही, त्यात काय एवढं. मी जुने धागे वाचून धास्तावलेय.

सोबत सासूबाई आहेत. वय ७४, उत्साह दांडगा, गुडघे कुरकुरे. त्यांना याशचिलानची (नदीकाठचं माया लोकांचं जुनं शहर) होडी आणि पालेंकेच्या माया राजाचा 'तो हिरवा मुखवटा' बघायचाच आहे. जाऊन आलेल्यांनी स्पष्ट सांगा, घाबरवलंत तरी चालेल.

निळूभाऊ

रस्त्याचं जाणकार सांगतील, मी कागदांचं सांगतो. सीमापट्टीच्या पुढे जायचं तर गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागतो, तो बान्हेर्सितो या मेक्सिकन सरकारी बँकेच्या खिडकीवर मिळतो. काढताना गाडीची नोंद 'मोटरहोम' अशीच होतेय ना ते बघा. मोटरहोमला १० वर्षांचा परवाना मिळतो, साध्या गाडीला तुमच्या मुक्कामापुरताच. अमेरिकन विमा तिथे चालत नाही, मेक्सिकन पॉलिसी आधीच काढून ठेवा. भारतीय पासपोर्ट असला तरी ग्रीन कार्ड किंवा चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

सदूकाका

वैदेही, नवऱ्याला सांग की किलोमीटर मोजू नकोस, वळणं मोज.

सान क्रिस्तोबाल २,२०० मीटरवर आणि पालेंके जेमतेम ६० मीटरवर. मधला सगळा उतार १९९ वर. पण मला घाटाची भीती नाही, घाट कुठलाही ड्रायव्हर उतरवतो. खरी अडचण तोप्यांची, म्हणजे तिकडच्या गतिरोधकांची. प्रत्येक वस्तीला दोन-चार काँक्रीटचे गतिरोधक, त्यातले निम्मे रंग न दिलेले. झाडाच्या सावलीत एखादा असला तर चाक चढेपर्यंत दिसत नाही. छोटी गाडी उडी मारून निघून जाते. तुमचं मागचं बूड चाकांच्या मागे आठ-दहा फूट लोंबतंय, ते घासणार. आत कपाटांची दारं उघडून ताटवाट्या जमिनीवर.

आणि नाकाबंदी. तिचे दोन प्रकार. एक पोरासोरांचा : तोप्याशी दोघं जण दोरी ताणून उभे, हातात संत्री नाहीतर केळ्याचे वेफर्स. पुडी घ्यायची, सुटे पेसो द्यायचे, हसायचं, दोरी खाली जाते. दुसरा प्रकार मोठ्यांचा. रस्त्यात ओंडके, खिळे मारलेल्या फळ्या, आणि गावाचं सरकारशी काहीतरी भांडण. ते भांडण आजचं नाही. १ जानेवारी १९९४ ला झापातिस्तांनी (इथल्या मूळनिवासींची सशस्त्र बंडखोर संघटना) ओकोसिंगो आणि सान क्रिस्तोबाल ताब्यात घेतलं, ते याच डोंगरात. तिकडच्या पाट्यांवर आजही लिहिलेलं दिसतं की इथे जनता हुकूम करते आणि सरकार ऐकतं. असा रस्ता अडला की तासन्‌तास अडतो. कारवाला गाडी वळवून परत जातो. तू ३१ फूट लांब, मागे ट्रकची रांग, एका बाजूला दरी. तू कुठे वळणार? माझा १९९ ला विरोध आहे तो एवढ्यासाठी. चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी बाजूला ठेव, वळायला जागा नाही हेच पुरेसं आहे.

मी काय करतो ते सांगतो. मोटरहोम हे घर समजायचं, वाहन नाही. चियापासमध्ये त्याचे दोनच तळ करायचे, एक वर सान क्रिस्तोबालला आणि एक खाली पालेंकेला. बाकी सगळं स्थानिक मिनीव्हॅनने. दोन तळांमधलं अंतर १९९ ने न जाता उलटं फिरून काढायचं : परत तुस्तला (चियापासची राजधानी), तिथून ओकोसोकोआउत्लावरून टोलरस्ता, मालपासो धरणाच्या जलाशयावरचा पुएन्ते चियापास (सव्वा किलोमीटरचा पूल आहे, २००३ साली खुला झाला), पुढे वियाएर्मोसा, मग १८६ ने कातासाहाच्या फाट्यापर्यंत. अंतर दुपटीहून जास्त पडतं, टोल भरताना जीव जातो, कारण तो चाकांच्या आसांवर मोजतात. पण रस्ता रुंद आहे. मुक्काम वियाएर्मोसाला टाका, तिथल्या ला बेंता उद्यानात ओल्मेकांची (मायांच्याही आधीचे लोक) माणसाहून उंच दगडी डोकी आहेत.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून. वाहाकाहून येताना हुचितानजवळ ला बेंतोसा लागतं. डिसेंबर-जानेवारीत तिथे उत्तरेचा वारा असा आडवा सुटतो की रिकामे ट्रेलर कलंडतात. शेकडो पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या तिथे. तिथून पहाटे निघा, बाहेरची छत्री घट्ट बांधा, आणि ट्रकवाले पंपावर थांबलेले दिसले तर तुम्हीही थांबा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

चाकं_आणि_चहा

काकांशी अर्धी सहमत. मी व्हॅनवाली, १९ फुटी. १९९ ने उजेडात गेले, काही झालं नाही. संत्री मात्र महिनाभर पुरली.

पण १९९ टाळलात तर तोनिना हुकतं, आणि मला विचाराल तर पालेंकेपेक्षा तोनिना भारी. ओकोसिंगोजवळचा अख्खा डोंगरउतार पायऱ्या-पायऱ्यांनी बांधून काढलाय. वर गेलं की खाली गुरं चरताना दिसतात, पर्यटक जवळजवळ नाहीत. माया लोकांच्या दीर्घगणनेतली (त्यांची दिवस मोजायची कालगणना) शेवटची कोरीव तारीख इथलीच, इसवी सन ९०९. म्हणजे बाकीची शहरं ओस पडत असताना हे लोक दगडावर तारखा कोरत बसले होते. सासूबाईंना मात्र खालीच बसवावं लागेल. जमिनीच्या वादांमुळे ते कधीकधी बंद असतं, निघण्याआधी चौकशी करा.

वैदेही_टेक्सास

काका, पटलं. नवऱ्यालाही पटलं (कपाटाची दारं ऐकून). मग पालेंकेहून धबधबे आणि याशचिलान कसं करायचं? शिवाय वर थंडी किती असते? आमचा फ्रिज प्रोपेनवर चालतो, त्याला उंचीचा त्रास होतो का?

सदूकाका

फ्रिजचं आधी. २,२०० मीटरवर हवा विरळ, ज्योत नीट जळत नाही, फ्रिज कुरकुर करतो. तळावर वीज मिळाली की विजेवर टाक, आणि गाडी सपाट उभी कर. तिरकी असली तर तो फ्रिज समुद्रसपाटीलाही चालणार नाही. थंडी म्हणशील तर रात्री पारा पाच अंशांच्या आसपास येतो. सासूबाईंना लोकरीचं काहीतरी तिथल्याच बाजारात घेऊन दे, जवळच्या चामुला आणि सिनाकान्तान गावांच्या बायका विणतात. चामुलाचं चर्च बघा. आत बाकडी नाहीत, जमिनीवर पाइनची पानं पसरलेली, शेकडो मेणबत्त्या, लोक जमिनीवर बसून प्रार्थना करतात. आत फोटो अजिबात काढायचा नाही. फोन खिशातच ठेवा, चुकूनसुद्धा बाहेर नको.

सान क्रिस्तोबालहून तुस्तलाकडे उतरताना 'फ्रेने कोन मोतोर' अशा पाट्या दिसतील. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, खालचा गिअर टाका, गाडी इंजिनवर धरा. पन्नासेक किलोमीटरमध्ये दीड हजार मीटरच्या वर उतार आहे. खाली चियापा दे कोर्सोहून सुमिदेरोची होडी घ्या, म्हणजे सासूबाईंची होडीची हौस आधीच थोडी फिटेल. ग्रिहाल्वा नदीच्या दोन्ही बाजूंना काही ठिकाणी हजार मीटर उंच कडे, आणि काठावर मगरी.

पालेंकेला अवशेषांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच मायाबेल नावाचा तळ आहे. पहाटे हाउलर माकडं ओरडतात, सासूबाईंना आधी कल्पना द्या, नाहीतर वाघ समजतील. धबधब्यांसाठी गावातून रोज सकाळी व्हॅन निघतात, मिसोल-हा आणि आग्वा आसुल एका दिवसात होतं. मिसोल-हा ३५ मीटरचा, पडद्यामागून चालत जाता येतं, शेवाळ आहे, सांभाळून. आग्वा आसुलला दोन वस्त्या वेगवेगळा प्रवेशकर घेतात, वाद घालू नका. पाणी निळं दिसतं ते त्यात विरघळलेल्या चुनखडीमुळे, पण जोराचा पाऊस झाला की सरळ चहाच्या रंगाचं होतं. डिसेंबर तसा बरा. २०१७ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट झाली : सप्टेंबरच्या मोठ्या भूकंपानंतर नोव्हेंबरात प्रवाह दुसरीकडेच वळला आणि धबधब्याचा मोठा भाग कोरडा पडला. गावकऱ्यांनी पाण्यात उतरून हातांनी दगड-गाळ उपसला आणि नदी परत जागेवर आणली. मग त्यांनी तिकीट घेतलं तर बिघडलं काय?

याशचिलानला उसुमासिंता नदीतून होडीनेच जावं लागतं, फ्रोन्तेरा कोरोसालहून पाऊणेक तास. पलीकडचा काठ ग्वाटेमाला. खालचं मैदान गुडघ्यांना झेपेल, वरच्या देवळाचा जिना नाही झेपणार. बोनाम्पाकची भित्तिचित्रं (इसवी सन ७९० च्या सुमाराची) त्याच सहलीत होतात, शेवटचा टप्पा तिथल्या लाकांदोन आदिवासींच्या गाडीने. पण ही सीमेलगतची ठिकाणं मध्यंतरी असुरक्षिततेमुळे बंद होती, तेव्हा पालेंकेला पोचल्यावर आधी खात्री करा. 'जाऊ नका' म्हणाले तर जाऊ नका, तिथल्या तिथे धाडस करू नका.

आता मुखवटा. पाकाल राजाची कबर पालेंकेच्या शिलालेखांच्या देवळाखाली १९५२ साली अल्बेर्तो रुसला सापडली, पण हिरवा मुखवटा तिथे नाही, तो मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. तिथूनही १९८५ च्या नाताळात चोरीला गेला होता, १९८९ ला परत मिळाला. कबरीत उतरायला आता देत नाहीत. खालच्या रस्त्यालगतच्या वस्तुसंग्रहालयात कबरीची प्रतिकृती आहे, तिथे पायऱ्यांचा त्रास नाही. सोमवारी मात्र ते बंद असतं.

वैदेही_टेक्सास

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, मग मेक्सिको सिटी आधी करा, पालेंके नंतर. आता तो रस्ता काढतेय. शहरात ३१ फुटी उभी कुठे करायची ते कुणाला ठाऊक असेल तर नवीन धाग्यात विचारते.